कादंबरीच्या शेजारी कोणतं इतिहासाचं पुस्तक ठेवावं? मराठेशाहीच्या वाचकांचे अनुभव

ऐतिहासिक कादंबरीमुळे इतिहासाची गोडी लागलेले वाचक आपल्याकडे घरोघरी आहेत. अडतं ते कादंबरी मिटल्यावर. पुढे काय वाचायचं, कादंबरीतलं किती खरं धरायचं, कागदपत्रांच्या जुन्या खंडांत शिरायचं कसं? म्हणून हे आवाहन. एखादी कादंबरी घ्या, तिच्याशेजारी कोणतं इतिहासाचं पुस्तक ठेवावं ते सांगा, आणि वाचताना नेमकं कुठे अडखळायला होतं आणि का, तेही लिहा. नुसतं ‘छान आहे, जरूर वाचा’ नको.

पुण्याहून, पानिपतावर

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८), तिच्याशेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’, आणि दोन्ही पचल्यावर राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड. तो १८९८ साली निघाला आणि त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. क्रम हाच ठेवा. शेजवलकर आधी घेतले तर शिंदे, होळकर, नजीबखान, शुजा, गाजीउद्दीन यांच्या गर्दीत माणूस हरवतो. कादंबरीने ही माणसं ओळखीची करून दिलेली असतात, त्यामुळे शेजवलकर वाचताना लक्ष युक्तिवादावर राहतं.

बसण्याआधी कोऱ्या कागदावर एक नकाशा काढा. खाली दिल्ली, तिच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत, त्याच्याही वर कर्नाळजवळ कुंजपुरा, आणि उजव्या बाजूने वाहणारी यमुना. आता घटना मांडा. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला, आणि त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. बागपत पानिपताच्या दक्षिणेला आहे. म्हणजे अब्दाली मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. इथेच बहुतेकांचं चित्र उलटं होतं. अब्दाली अफगाणिस्तानातून आला म्हणून तो उत्तरेला आणि आपण दक्षिणेला, असं मनात बसलेलं असतं. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांची तोंडं दक्षिणेकडे, दिल्लीच्या दिशेला होती आणि अब्दालीची उत्तरेकडे. इब्राहीमखान गारदी मराठ्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे यमुनेच्या बाजूला. शिंदे-होळकर उजव्या हाताला. हे एकदा बसलं की रसद का तुटली आणि बाजारबुणगे, बायकामुलं सगळ्यांना मधे घेऊन ‘गोल’ करून बाहेर पडण्याचा बेत का ठरला, ते शेजवलकरांच्या पानांवर आपोआप उलगडतं.

आणि ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपत झालं’ हे वाक्य सोडून द्या. मकरसंक्रांत सुमारे सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १८६३ साली ती १२ जानेवारीला होती, १७६१ साली त्याहून आधी. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, वार बुधवार.

मिरजेहून, तारखांबद्दल

वरच्या शेवटच्या ओळीला धरूनच लिहितो. पत्रांच्या खंडात नवखा वाचक थकतो तो भाषेने नव्हे, तारखांनी. तीन हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

शक: इसवी सन काढायला चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. जेधे शकावलीतली (जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी) शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. फाल्गुन आहे, म्हणून ७९, उत्तर १६३०. इथे चुकून ७८ धरले की १६२९ येतं आणि पुढचं सगळं वर्षभराने घसरतं.

शुहूर किंवा अरबी सन: हा मृगाला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. पत्रात तो अंकांत नसतो, अरबी शब्दांत असतो, आणि एकं आधी येतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. पत्र जानेवारीतलं असेल तर ६०० मिळवून १७६१. पानिपताच्या सालचे कागद याच सनाचे. शब्द पाठ करायला फार नाहीत. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. मग अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन हे दहा ते नव्वद. छापताना किंवा नक्कल करताना ‘सितैन’ आणि ‘सबैन’ यांची अदलाबदल झाली तर पत्र दहा वर्षांनी सरकतं. म्हणून पत्रात आलेल्या माणसांवरून साल पडताळून घ्यावं. ज्याचं निधन आधीच झालं आहे तो पत्रात बोलत असेल तर सन चुकला आहे.

तारखेआधीचं ‘छ’ हे चंद्र या शब्दाचं छोटं रूप. त्यापुढे मुसलमानी महिन्याचा दिवस येतो.

तिसरा हिशेब इंग्रजी तारखेचा. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन पद्धत वापरली. शिवकालाच्या तारखा आपल्या पुस्तकांत बहुधा त्याच पद्धतीने येतात. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे. आजच्या कालगणनेत ती १६ जून पडते. शिवाय सुरत-राजापूरच्या वखारींच्या पत्रांत वर्ष १ जानेवारीला बदलत नाही, २५ मार्चला बदलतं. त्यामुळे सिंहगड घेतला तो फेब्रुवारी १६७० त्या पत्रांच्या हिशेबाने १६६९ मध्येच मोडतो. रोजचा ताळा लावायला शिवकालासाठी ‘खरे जंत्री’ आणि पुढच्या काळासाठी ‘मोडक जंत्री’ ही तारखा जुळवायची कोष्टकं हाताशी असावीत.

पणजीहून

मिरजकरांनी लिहिलं त्याला एक पुरवणी, कारण गोव्याच्या कागदांत हाच घोळ उलट्या बाजूने होतो. पोर्तुगीज १५८२ पासूनच नवी ग्रेगोरियन पद्धत वापरतात. वसई पडल्याची तारीख एका पुस्तकात ५ मे १७३९ आणि दुसऱ्यात १६ मे दिसते, ती यामुळेच. दोन्ही बरोबर आहेत, मधले अकरा दिवस पद्धतीचे. सतराव्या शतकात हाच फरक दहा दिवसांचा असतो.

पुस्तकं दोन सांगते. य. न. केळकरांचं ‘वसईची मोहीम’ आणि पां. स. पिसुर्लेकरांचं ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’. पिसुर्लेकर गोव्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख होते आणि मूळ पोर्तुगीज कागदांवरून लिहीत. आधी केळकर वाचा, मग पिसुर्लेकरांमधला वसईचा भाग, आणि दोन्ही बाजूंच्या पत्रांच्या तारखा एका खाली एक मांडा. एकाच आठवड्यात चिमाजीअप्पा काय लिहीत होते आणि गोव्यात काय ठरत होतं ते समोरासमोर दिसतं. असं सुख मराठेशाहीच्या फार थोड्या मोहिमांत मिळतं. ज्या मोहिमेवर दोन्ही बाजूंचे कागद छापलेले आहेत, ती नव्या वाचकाने आधी घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

साताऱ्याहून, बखरींबद्दल

बखरी आणि पत्रं एका मापाने मोजू नका. बखर हातात घेतली की पहिले दोन प्रश्न: कोणी लिहिली, आणि घटनेनंतर किती वर्षांनी? कृष्णाजी अनंत सभासदाने शिवचरित्र जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलं, शिवाजी महाराजांच्या निधनानंतर पंधरा-सतरा वर्षांत. मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे शंभर वर्षांहून जास्त अंतरावरची. आणि त्याचा पूर्वज बाळाजी आवजी याला संभाजी महाराजांनी १६८१ साली मृत्युदंड दिला होता. संभाजी महाराजांविषयी चिटणीस जे लिहितो ते वाचताना हे नातं डोळ्यांसमोरून हलू देऊ नये. पुढच्या कित्येक नाटक-कादंबऱ्यांतला व्यसनी, उतावळा संभाजी या बखरीच्या वळणाचा आहे. म्हणून शिवाजी सावंतांच्या ‘छावा’शेजारी वा. सी. बेंद्रे यांचं ‘छत्रपती संभाजी महाराज’ (१९६०) आणि कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ ठेवा. बेंद्रे जड जातात, पण बखरीतला एकेक आरोप घेऊन तो समकालीन कागदांत आहे की नाही हे ते दाखवतात. गोखल्यांची मांडणी सुटसुटीत, म्हणून आधी त्या.

तानाजीचं उदाहरण घेऊन थर कसे चढतात ते पाहता येईल. सभासदाकडे मावळे वानरासारखे कडा चढून जातात, घोरपड नाही. ‘यशवंती’ घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. सभासदाच्या बखरीतले महाराजांचे शब्द ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असे आहेत, आणि ‘गड आला पण सिंह गेला’ हे रूप हरिभाऊ आपट्यांच्या १९०३ च्या कादंबरीने घरोघरी पोचवलं. या घटनेमुळे कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं असं आपण शाळेपासून ऐकतो, पण एप्रिल १६६३ च्या शिवाजी महाराजांच्या पत्रातच ‘सिंहगड’ हे नाव आहे, तानाजीच्या मृत्यूच्या सात वर्षं आधी. याने तानाजी कुठेही उणा होत नाही. पोवाडा पोवाड्यासारखा ऐकावा, साल मात्र पत्रावरून घ्यावं.

एवढ्याच कामासाठी एक सवय लावून घ्या. तीन रकाने आखा: पत्र, बखर, कादंबरी. एक प्रसंग घ्या आणि कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात पहिल्यांदा येते तेवढंच लिहा. पन्नास प्रसंगांची गरज नाही. तीन केले तरी नजर बसते.

नाशिकहून

ना. सं. इनामदार प्रकाशनाच्या क्रमाने वाचू नयेत, काळाच्या क्रमाने वाचावेत. ‘शहेनशहा’ (औरंगजेब), ‘राऊ’ (पहिले बाजीराव), ‘शिकस्त’ (पार्वतीबाई, पानिपतानंतर), ‘झुंज’ (यशवंतराव होळकर), ‘झेप’ (त्रिंबकजी डेंगळे), ‘मंत्रावेगळा’ (दुसरे बाजीराव). ‘झेप’ १९६३ ची आणि ‘शहेनशहा’ १९७६ ची, त्यामुळे छापलेल्या क्रमाने गेलं तर पेशवाईचा शेवट आधी आणि औरंगजेब नंतर येतो. शेजारी सरदेसायांची ‘मराठी रियासत’ असावी, पण सलग नाही. कादंबरीच्या काळाचं तेवढं प्रकरण उघडायचं. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’साठीही हीच रीत, थोरल्या माधवरावांचा भाग.

‘श्रीमान योगी’ घेताना नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना असलेली प्रतच घ्या. ती रणजित देसाईंना लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे, आणि शिवाजी महाराजांवर कादंबरी लिहिणाऱ्याला काय काय पेलावं लागतं याची इतकी नेमकी चर्चा मराठीत दुसरीकडे मिळणं कठीण आहे. आधी ती वाचा, मग कादंबरी, मग पुन्हा ती.

पेणहून, एकाच पुस्तकावर

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळेल या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. कादंबरी झक मारेल असं पुस्तक. मात्र प्रत पाहून घ्या. चिं. वि. वैद्य यांनी ते १९०७ साली छापलं तेव्हा मजकुरात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. बाजारात दोन्ही वंशांच्या आवृत्त्या फिरतात आणि मुखपृष्ठावरून काही कळत नाही. आतल्या पानावर पोतदारांच्या पाठाचा उल्लेख शोधा. नसेल तर दुकानातच खाली ठेवा. प्रवासानंतर पंचवीसेक वर्षांनी आठवणींवरून लिहिलेलं आहे, तेव्हा तारखांसाठी गोडसेभटांवर विसंबू नका. रस्ते, जेवणखाण, दक्षिणा, भीती यांसाठी डोळे मिटून विसंबा.

बडोद्याहून, शब्दांबद्दल

कोश तीन पुरतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, माधवराव पटवर्धनांचा ‘फारसी-मराठी कोश’ आणि य. न. केळकरांचा ‘ऐतिहासिक शब्दकोश’. अनोळखी शब्द आधी केळकरांत पाहावा, तिथे नसेल तर बाकी दोन. खरा धोका ओळखीच्या शब्दांचा असतो. जुन्या पत्रात ‘तह’ म्हणजे दर वेळी युद्धानंतरचा करार नव्हे, नुसता ठराव किंवा व्यवस्थाही असते. ‘खर्च’, ‘स्वारी’, ‘मुलूख’ वाचताना आपण थांबत नाही, आणि तिथेच अर्थ निसटतो. मोडीतून लिप्यंतर झालेल्या मजकुरात आणखी एक गोष्ट: मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात आणि शब्द तोडून लिहीत नाहीत. छापील पानावरची शब्दांची तोड संपादकाने केलेली असते. वाक्य लागत नसेल तर दोन शब्द जोडून, नाहीतर एक तोडून मोठ्याने वाचून पाहा. निम्म्या वेळा तिथेच गाठ सुटते.

न्यू जर्सीहून

इथे खंड मिळत नाहीत म्हणून थांबायची गरज नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, मोल्सवर्थ जालावर शोधता येतो, मराठी विश्वकोशही आहे. जुन्या खंडांच्या छायाप्रतींत पानं गहाळ असतात, आणि नेमके घडीचे नकाशे उलगडून टिपलेले नसतात. म्हणून उतरवून घेतल्यावर आधी पृष्ठांक सलग आहेत का ते पाहा, शेवटची सूची आहे का ते पाहा. सूची नसेल तर दुसरी प्रत शोधा. सूचीशिवाय पत्रांचा खंड म्हणजे अंधारात चाचपडणं. आणि नोंद करताना पानाचा नव्हे, पत्राचा लेखांक लिहा. आवृत्ती बदलली की पान बदलतं, लेखांक सहसा तोच राहतो.