चांदर रेल्वे स्थानकाचा इतिहास कोणी सांगेल का?

प्रश्न: मडगाव आणि कुडचडे यांच्या मधल्या चांदर स्थानकाबद्दल शाळेतील मुलांसाठी टिपण लिहायचे आहे. हा मार्ग कोणी, कशासाठी बांधला आणि आज तिथे कोणती गाडी थांबते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: हा मार्ग मुरगाव बंदरासाठी झाला. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर ब्रिटिश भांडवलावर काम सुरू झाले आणि 1888 पर्यंत मीटर गेजची (रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेली) गाडी घाट चढून कर्नाटकातील कॅसलरॉकला पोहोचली. घाटात 37 फुटांमागे एक फूट चढ असल्याने आजही घाटाच्या पायथ्याशी कुळ्याला गाडीला जादा इंजिने जोडतात. ती जोडताना डब्यांना बसणारा हलका हिसका मुलांना अवश्य अनुभवू द्या. 1955 मध्ये भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातील रेल्वे वाहतूक बंद पडली, ती मुक्तीनंतरच पुन्हा सुरू झाली.

प्रतिसाद २: वरील माहितीत भर घालतो. मीटर गेजचे ब्रॉड गेजमध्ये रुंदीकरण 1990 च्या दशकात झाले. मडगाव स्थानक कोकण रेल्वेकडे असले तरी चांदर दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येते, ही गोष्ट टिपणात स्पष्ट लिहा, कारण अनेकांची इथेच गल्लत होते. वास्को-कुळे पॅसेंजर येथे थांबते. वेळ मात्र ताज्या वेळापत्रकातच पाहावी.

प्रतिसाद ३: दुपदरीकरणाचा, म्हणजे या मार्गावर दुसरी रेल्वेवाट टाकण्याचा विषय वगळू नका. नोव्हेंबर 2020 मध्ये चांदरच्या रुळांवर लोकांनी त्याविरुद्ध रात्रभर आंदोलन केले, आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे टप्प्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. गावाच्या इतिहासात याला माझ्या मते बांधकामाइतकेच स्थान आहे.