दापोलीजवळ गावी नवीन घर बांधतोय, सोलर कोणतं घ्यावं आणि गरम पाण्याचं काय?

भांडुपचा_दादा:
नमस्कार मंडळी. राहायला आम्ही भांडुपला, गावी जुनं घर उतरवून जांभ्याचं नवीन बांधतोय, वर कौलंच. शिमग्यानंतर आईबाबा कायमचे तिकडे जाणार, आम्ही गणपतीत आणि मे महिन्यात. पावसात लाईट गेली की कधी येईल ते कोणीच सांगू शकत नाही. एकजण म्हणतो ३ किलोवॅट ऑनग्रिड (बॅटरीशिवाय, थेट महावितरणच्या लाईनला जोडलेलं) लाव, सबसिडी आहे, दुसरा म्हणतो बॅटरी पाहिजेच. गरम पाण्याला सोलर हीटर की गीझर? बाबांना तर बंबच हवाय. वायरिंग अजून व्हायचंय.

ठाणे_वायरिंगवाला:
वायरिंगच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं. साधं ऑनग्रिड असेल तर महावितरणची लाईट गेली की तुमचे पॅनलही बंद, भर उन्हात सुद्धा, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला उलटा करंट बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. विकणारे हे सांगत नाहीत. तुमच्याकडे हायब्रिड (लाईनला जोडलेलं, पण लाईट गेली की बॅटरीवर चालणारं) आणि लिथियम बॅटरीच पाहिजे, ट्यूब्युलर म्हणजे लेड-ॲसिड बॅटरीत पाणी भरत बसायचं काम म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात कशाला. पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेत सबसिडी पहिल्या २ किलोवॅटला ३०,००० प्रत्येकी, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००, बॅटरीचा खर्च तुमचाच. दिवसाला किलोवॅटमागे ४ युनिट धरा पण ते वर्षाचं ॲव्हरेज, जुलैच्या मळभात त्यावर विसंबू नका. दोघांना २ किलोवॅट भरपूर. पंखे, दिवे, फ्रिज, राउटर यांची लाईन आत्ताच वेगळी काढून घ्या, गीझर आणि पंप बॅटरीवर अजिबात नको.

गुहागरची_माहेरवाशीण:
दादा, बाबांचं ऐका. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट लागतात, हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा) घेतलात तर त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात होतं पण लाईट तर हवीच ना. सोलर हीटर उन्हाळ्यात मस्त चालतो, तेव्हा कोकणात गरम पाणी हवंय कोणाला? नेमकं पावसात पाहिजे तेव्हा पाणी कोमट. शिवाय काचेच्या नळ्या, आमच्याकडे वानरांनी फोडल्या. बंबाला नारळाची सोडणं, झावळ्या सगळं घरचं, आगोटीला, म्हणजे पावसाच्या आधी, कोरडं भरून ठेवलं की झालं. न्हाणी बाहेरच्या बाजूला ठेवा म्हणजे धूर घरात येत नाही, आईंच्या डोळ्यांना त्रास नको.

भांडुपचा_दादा:
खूप आभार ताई. गोबरगॅस कसा? एक गाय ठेवायचा विचार आहे.

ठाणे_वायरिंगवाला:
एका गायीवर नाही जमणार, २ घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच गुरं. सिलेंडरच घ्या.

मंडणगड_वारा:
पॅनल कौलांवर लावू नका, एक कौल फुटलं तरी वर चढायला पॅनल काढावे लागतात. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आम्ही पाहिलंय, गावंच्या गावं अंधारात होती. खळ्यात काँक्रीटच्या पायावर गॅल्वनाइज्ड स्ट्रक्चर उभं करा, पण माड-आंब्याची सावली सकाळी-दुपारी कुठे पडते ते आधी बघा, एका पॅनलवर सावली आली तरी पूर्ण ओळीचं उत्पादन पडू शकतं. जांभ्यात अर्थिंग नीट मिळत नाही, खड्डा खोल घ्या आणि मीटरने तपासूनच पैसे द्या.

भांडुपचा_दादा:
इन्व्हर्टर-बॅटरी पडवीत ठेवली तर चालेल का?

मंडणगड_वारा:
पश्चिमेच्या भिंतीला नको, पावसात जांभा ओल धरतो. माळ्यावरही नको, मे महिन्यात तापतं. माजघरातली आतली भिंत, जमिनीपासून वर, समोर हवेला जागा सोडून.