स्टेरॉइड आणि मेंदूची सूज

वर कुणीतरी विचारलंय, डोक्याला मार लागल्यावर सूज उतरवायला स्टेरॉइड का देत नाहीत? कारण ते देऊन पाहिलंय. 'क्रॅश' या चाचणीत १०,००८ रुग्ण होते. २००४ मध्ये निकाल आला तेव्हा स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त निघाले.

म्हणून आता नेमक्या एका एन्झाइमवर (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनावर) निशाणा आहे. मार लागल्यावर काही तासांनी मेंदूत हे एन्झाइम नायट्रिक ऑक्साइड (रक्तवाहिन्या रुंदावणारा वायू) भरमसाट बनवू लागतं, रक्तवाहिन्या पाझरतात, सूज वाढते. ते एन्झाइम रोखणारं रोनोप्टेरिन हे औषध युरोपात तपासलं. मोठ्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. पण दिशा सोडू नये असं माझं मत आहे.

तोवर भिस्त मॅनिटॉल आणि तीव्र सलाइन या मेंदूतलं पाणी ओढून घेणाऱ्या, शिरेतून द्यायच्या औषधांवरच. शेजारचा मुलगा कात्रज घाटात बाइकवरून पडला, तेव्हा आयसीयूत पाहिलं: थंडीने मॅनिटॉलच्या बाटलीत खडे झाले होते, सिस्टर ती कोमट पाण्यात धरून विरघळवत होत्या. सूज पहिल्या काही तासांपासूनच वाढू लागते. उलट्या, गुंगी दिसली तर घरी थांबू नका, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट न्या.