घरची बिअर : पहिल्या घाण्याचे अनुभव

आम्ही ऑस्टिनला. गराजात परवा चौथा घाणा लावला, तेव्हा पहिला आठवून हसू आलं. तुमचा पहिला कसा फसला ते लिहा. पाककृती नकोत, त्या ढिगानं मिळतात.

माझा किट ५ गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटर. माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आलेल्या जवाचा आटवलेला अर्क, काकवीसारखं दाट असतं. आच बंद करून ओतायचं नि ढवळत राहायचं, हे नंतर कळलं. मी भसकन ओतलं, ते तळाशी बसून करपलं. वर हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची, मूठ पडताच दूध उतू जावं तसा सगळा फेस शेगडीवर. बायको म्हणाली, "दुधावर लक्ष ठेव म्हटलं तरी तू असाच." चिकटा खरवडायला दोन दिवस गेले. बिअर किंचित जळकट झाली. पाहुण्यांना सांगितलं, मुद्दाम केलीय.

एडिसन, न्यू जर्सी

मी इडलीच्या पिठाच्या हिशोबानं गेले आणि तिथेच चुकले. पीठ उबेत फुगतं ना, म्हणून बिअर आंबायची बादलीही उबेत ठेवली. जुलै महिना, खोलीत २७ अंश. त्यात यीस्ट काम करताना स्वतःही तापतं, म्हणजे आत आणखी दोन-चार अंश जास्त. रात्री दोनला एअरलॉक, म्हणजे झाकणावरची वायू बाहेर सोडणारी नळी, उडालं. सकाळी छतावर हिरवट शिंतोडे, भाडेकराराची अनामत डोळ्यांपुढे. बिअरला नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा वास, आणि एका ग्लासात डोकं धरलं.

आता बादली पाण्याच्या टबात ठेवते, बादलीच्या अंगावर जुना ओला टीशर्ट, समोर पंखा. टीशर्टचं टोक पाण्यात बुडलेलं हवं, म्हणजे तो ओला राहतो. माठ गार होतो तेच तत्त्व. फार गरम दिवस असेल तर टबात बर्फाची बाटली. १८ ते २० अंशांत राहतं.

मँचेस्टर

भांडी घासायचा कंटाळा असेल तर या नादी लागू नये. मी दही घुसळलेली पळी नुसती विसळून, उकळून थंड झालेल्या माल्टच्या रसात घातली. गव्हाची बिअर, हॉप्स कमी, त्यामुळे दह्याच्या जंतूंना अडवणारं कोणी नाही. तीन आठवड्यांनी आंबटढाण. सासऱ्यांनी मात्र दोन ग्लास प्यायले.

स्टुटगार्ट

बुडबुडे थांबले म्हणजे झालं, असं मी धरून चाललो. रसाची घनता मोजून साखर किती उरली ते सांगणारं हायड्रोमीटर खोक्यातच होतं. पाचव्या दिवशी बाटल्या भरल्या, फसफस यावी म्हणून प्रत्येकीत चहाला टाकतात तशी शिगोशीग चमचा साखर. १९ लिटरला मिळून ११५ ग्रॅमच्या आसपास पुरते, माझी दुप्पट तरी झाली असेल. आठव्या रात्री कपाटात धाडकन. आधी वाटलं, चोर. तीन बाटल्या फुटल्या होत्या, एकीची काच दाराच्या लाकडात रुतलेली. उरलेल्या सायकलचं हेल्मेट नि जाड हातमोजे घालून फ्रिजमध्ये नेल्या.

आता हायड्रोमीटरवर सुरुवातीला १.०५० असेल तर आकडा १.०१२ च्या आसपास येऊन तीन दिवस हलत नाही तोवर बाटलीला हात लावत नाही. या दोन आकड्यांच्या वजाबाकीला १३१ नं गुणलं की अल्कोहोल किती तेही कळतं, इथे ५ टक्के.

पुणे

हे सगळं इथे केलं तर चालतं का? घरच्यापुरतंच.

ऑस्टिन

नाही हो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना बनवणं गुन्हाच, घरच्यापुरतं असलं तरी. अमेरिकेतही १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली तेव्हा कुठे घरची बिअर केंद्राच्या कायद्यात बसली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन. अलाबामा नि मिसिसिपीनं तर २०१३ उजाडेपर्यंत परवानगी दिली नव्हती.

पुणे

मग मी पावच भाजतो. यीस्ट शेवटी त्याच जातीचं.

ऑस्टिन

एडिसनच्या ताई, टीशर्ट चढवला. गराजात ३१ अंश, बादलीवर चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीत २०. टीशर्ट माझ्या लग्नाआधीचा आहे, बायको म्हणते निदान बादलीला तरी बसला.