प्रतिसाद: नवी मराठी कादंबरी

'जुन्या लेखकांनंतर मराठीत वाचण्यासारखं काही आलंच नाही' असं वर म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' वाचून बघाच. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय तिला. धरणामुळे गाव उठलंय आणि मागे जंगलात राहून रानटी झालेली म्हैस परत आणायला देवाप्पा निघालाय, एवढंच कथानक. पण वाचताना माझी धरणग्रस्त आत्या आठवली. नव्या वसाहतीत पक्कं घर मिळालं, तरी ती शेवटपर्यंत जुन्या गोठ्याबद्दलच बोलायची. तिचं ते बोलणं मला या पुस्तकानंतर कळलं. वाचनालयात नसेल तर मागणी नोंदवा, आमच्याकडे आठवड्यात आणून दिली.