तूट 3 टक्क्यांच्या आत, मग माझं बिल का अडकलंय?

खानापूरचा कंत्राटदार:
तालुक्यात गटारी-रस्त्यांची बारकी कामं घेतो. पावसाळ्याआधी एका गावात काँक्रीट रस्ता केला. मोजमाप झालं, एमबी (मोजमापाची वही) भरली, सह्या झाल्या. पैसे नाहीत. विचारायला गेलं की एकच उत्तर, "ग्रँट सुटली नाही." खडीवाला तर दिवस उजाडायच्या आत फोन करतोय. आणि कर्नाटकच्या 2025-26 च्या बजेटात म्हणे वित्तीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची तूट, राज्याच्या एकूण उत्पादनाच्या (जीएसडीपी) 2.95 टक्के, कायद्याच्या 3 टक्क्यांत बसणारी. इतकं सगळं बसतंय तर माझं बिल कुठं बसत नाही? त्यात माझा जीएसटी नंबर असल्यामुळं बायकोला गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 मिळत नाहीत, तिच्या जावेला मिळतात. घरात जीएसटीला रोज शिव्या!

निवृत्त अकाउंटंट, टिळकवाडी:
भाऊ, सरकारचा हिशेब रोखीचा. खजिन्यातून पैसे गेले तरच तो खर्च. तुमचा रस्ता लोक वापरत असतील, खरं वहीत तो अजून झालाच नाही. बिल 31 मार्चच्या पुढं ढकललं की त्या वर्षीची तूट तेवढी कमी दिसते. व्यापाऱ्यानं उधारी लपवली तर आपण त्याला काय म्हणतो ते इथं लिहीत नाही.
वित्तीय तुटीपेक्षा महसुली तूट बघा. त्याच बजेटात ती 19,262 कोटी आहे. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, गॅरंटी (गृहलक्ष्मीसारख्या योजना) हा चालू खर्चच जमेत भागत नाही. वर त्या एका वर्षात 1.16 लाख कोटींचं नवं कर्ज. वित्तीय जबाबदारीचा कायदा 2002 साली देशात पहिल्यांदा केला तो आपल्याच राज्यानं.

निपाणीकर:
सगळा दोष गॅरंटीवर नको. पाच गॅरंट्यांना वर्षाला 50 हजार कोटींच्या वर लागतात, कबूल. खरं राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या 15 व्या वित्त आयोगानं केंद्रीय करातला आपला वाटा 4.71 वरून 3.65 टक्क्यांवर आणला, ते कोण बोलणार? वसुली मात्र आपल्याकडूनच. जून 2024 मध्ये पेट्रोल-डिझेलवरचा कर वाढला, जानेवारी 2025 मध्ये बसभाडं 15 टक्क्यांनी. गॅरंटीत बायकांना बस फुकट, म्हणून आईचं तिकीट माफ, माझ्याकडून वसूल.

चंदगडहून:
हद्द ओलांडून इकडं महाराष्ट्रात आलात म्हणून सुटका नाही. लाडकी बहीणचे 1500 जुलै 2024 पासून सुरू, निवडणूक नोव्हेंबरात. अर्जांची कडक छाननी कधी? निवडणूक झाल्यावर. महाराष्ट्राची 2025-26 ची महसुली तूट 45,891 कोटी. इकडचे कंत्राटदारही बिलांसाठी आंदोलन करतात.

खानापूरचा कंत्राटदार:
म्हणजे बायकांचे पैसे थांबवले तर मतं जातात, आमचे थांबवले तर फक्त खडीवाला ओरडतो. बरं, अकाउंटंटसाहेब, व्याज मागता येतं का?

निवृत्त अकाउंटंट, टिळकवाडी:
करारात कलम असेल तर. आधी करारनामा काढून बघा, आणि काम कुठल्या हेडखाली (बजेटातल्या खर्चाच्या शीर्षाखाली) मंजूर झालं ते लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर परत ग्रँटच सांगतील.