संडे स्कूल: दहावा भाग ठामपणे शिकवावा का?

कारभारी_इंदूर
आमच्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दान आणि कारभारीपण (देवाने दिलेलं नीट सांभाळणं) यावर सहा रविवारांचा अभ्यास ठरतोय. प्रस्ताव असा: प्रत्येक मुलाला तीन डबे, देणे, साठवण आणि खर्च. हातखर्च महिन्याला २०० रुपये असेल तर पैसे हातात पडताच २० पहिल्या डब्यात, ४० दुसऱ्यात, १४० तिसऱ्यात. क्रम उलटला की बट्ट्याबोळ. आधी खर्च केला तर द्यायला काही उरतच नाही. शंभराची अख्खी नोट दिली तरी तेच, सुट्टे होतात ते छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतच. पालकांना दहादहाच्या नोटा द्यायला सांगावं.

माझं मत: या वयात दहावा भाग, म्हणजे मिळकतीचा दशमांश देवाला द्यायचा, हे ठामपणे सांगावं. आकडा नसला की दानाच्या थैलीत सगळ्यात फाटकी नोट पडते.

रामबागवाली
आकड्याला माझा विरोध. बायबलच्या नव्या करारात मंडळीला दहा टक्क्यांचा हुकूम नाही. करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र (२ करिंथ) ९:७ म्हणतं, मनात ठरवल्याप्रमाणे द्या, द्यावं लागतं म्हणून नको. १ करिंथ १६:२ मध्ये मिळकतीच्या मानाने बाजूला काढायला सांगितलंय.

शिवाय दशमांश म्हटलं की मलाखी ३:१० येणारच (दशमांश भांडारात आणा, मग मी आशीर्वाद ओतीन), आणि मुलं त्याची लॉटरी करतात: दहा टाका, शंभर मिळवा. त्याच वचनात भांडार कशाला ते दिलंय, मंदिरात अन्न असावं म्हणून. अनुवाद १४:२८-२९ तर सांगतं की तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातल्या लेवी (मंदिरसेवेचा वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा. हे वर्गात कोण शिकवतं?

आणि ज्याला हातखर्चच मिळत नाही तो पोरगा तीन रिकामे डबे घेऊन काय करणार? दोन रविवारांत यायचा बंद होईल.

कारभारी_इंदूर
ताई, मत्तय २३:२३ पाहा. पुदिना-जिऱ्याचा दशमांश देऊन न्याय आणि दया विसरणाऱ्यांना येशूने झापलं, पण दशमांश सोडा असं म्हटलं नाही. हातखर्च नसलेल्यांसाठी मूठ आहे. मिझोराममध्ये ख्रिस्ती बायका १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढत आल्या. त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. आपल्याकडे डाळ किंवा कणीक चालेल. अट एकच, मूठ मुलाने स्वतः काढायची. आईने डबा भरून पाठवला तर ते आईचं देणं झालं.

जुना_खजिनदार
टक्क्यांवर भांडताय, हिशेबाचं कोणीच बोलत नाही. कारभारी म्हणजे दुसऱ्याचा माल सांभाळणारा. त्याला हिशेब द्यावाच लागतो.

डबा एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे. मोजायला कायम दोन मुलं, आणि सख्खी भावंडं नकोत. नोटांच्या गड्ड्या वेगळ्या, नाणी शेवटी. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, खाली दोघांच्या सह्या, मगच पैसे जागचे हलवायचे. चूक झाली तर व्हाइटनर नाही; एक रेघ मारून शेजारी सही. प्रेषित पौलानेही २ करिंथ ८:२०-२१ मध्ये कोणी बोट दाखवू नये म्हणून वर्गणीबरोबर आणखी माणसं दिली.

भिंतीवर नावांचा तक्ता मात्र नको. तो लागला की पैसे मुलांच्या डब्यातून नाही, बापाच्या खिशातून येतात. वर्गाची एकूण रक्कम सांगा. ‘सेवाकार्य’ असलं मोघम काही नको. वह्या घेतल्या असतील तर दुकानाचं बिल फळ्याशेजारी चिकटवा.

रामबागवाली
हिशेब शंभर टक्के मान्य. आता विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे गरीब विधवेने होती नव्हती ती दोन छोटी नाणी मंदिराच्या पेटीत टाकली ती गोष्ट. मार्क १२:४१ पासून धडा सुरू करू नका, ३८ पासून करा. ४०व्या वचनात विधवांची घरं गिळणारे शास्त्री (धर्मशास्त्राचे पंडित) आहेत. ते गाळलं की गरीब मुलाला एवढंच कळतं, शेवटचा रुपयाही टाकून दे.

कापणीच्या सणात अर्पण केलेल्या वस्तूंच्या लिलावाचंही तसंच. दुधी भोपळा पाचशेला गेला की टाळ्या, आणि मुलं शिकतात की मोठ्याने बोली लावणं म्हणजे दान.

जुना_खजिनदार
लिलाव बंद करू नका, त्यावर खर्च निघतो. मुलांना बाजारभाव विचारायला लावा: भोपळा ४० चा, बोली ५०० ची, तर देणं किती? ४६०. वजाबाकी त्यांनीच करू दे.

कारभारी_इंदूर
चालेल, मार्क ३८ पासून वाचू. दहावा भाग फळ्यावर राहणार.

रामबागवाली
राहू दे. पण मुलाच्या वहीत आकड्याची जागा कोरी ठेवा. त्याने पाच लिहिले तर का म्हणून विचारायचं नाही, आणि वीस लिहिले तर शाबासकीही नाही.